हुक कुठं अडकवलाय?

काय रे, ठेकेदार झालास म्हणून अक्कल गहाण टाकलीस का? परवा उंब्रजला हायवेच्या कडेला तुझं काम बघितलं. शेडच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर तीन पोरं, पायांत स्लीपर. एकाच्या अंगावर बेल्ट होता, पण हुक पाठीमागं लोंबत होता. मुकादमाला विचारलं, तर म्हणतो, "सवय हाय गुरुजी त्यांना."

सवय पोरांना असेल, पत्र्याला नसते. उन्हापावसानं तो ठिसूळ होतो. वरून फासलेलं डांबर तडा झाकतं, सांधत नाही. उजेडासाठी बसवलेला फायबरचा पत्रा धूळ बसली की बाकीच्यांसारखाच दिसतो आणि पाय पडला की माणूस आरपार. १५ फुटांवरून पडणारा एका सेकंदात जमिनीवर येतो, तेव्हा त्याचा वेग ताशी ३४ किलोमीटर असतो. हे गणित माझ्याच वर्गात सोडवलंस ना? मग तेवढ्यात तो काय धरणार आहे?

बोल्टच्या ओळीवरून चाला, एवढं सांगून हात झटकू नकोस. फळ्या टाक, निदान पत्र्याखालच्या दोन पुर्लिनांवर टेकतील एवढ्या लांब. खाली जाळी बांध. नुसता कमरेचा पट्टा नको. खांद्या-मांड्यांतून जाणारा पूर्ण हार्नेस घे, आयएस ३५२१ चा शिक्का बघून. दोर पन्हळीला नाही, लोखंडी कैचीला बांधायचा. आणि वळवाचं वारं सुटलं की सगळ्यांना खाली घ्यायचं. हातातला पत्राच माणसाला ओढून नेतो.

तरीही कुणी पडलाच, तर हातपाय धरून जीपमध्ये कोंबायचं आणि कराड गाठायचं, ही मर्दुमकी बंद. मणका मोडला असेल, तर त्या उचलण्यानंच माणूस जन्माचा अंथरुणाला खिळू शकतो. हलवू नका, १०८ ला फोन करा.

"पाऊस तोंडावर आलाय" म्हणू नकोस. तो दरवर्षी जूनच्या आसपास येतोच. "गिऱ्हाईक पैसे देत नाही" हेही नको. बोल्ट-वॉशरचा हिशेब लावतोस, तसा दोर-जाळीचाही कोटेशनमध्ये लाव.

शेवटचं. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात १८ ते ६० वयाच्या कामगाराची नोंदणी होते, वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला द्यायचं तू टाळतोस म्हणे! सही केली तर उद्या जबाबदारी अंगावर येईल, ही भीती ना? अरे, वर तूच चढवलंस त्याला. मग पडल्यावर तो तुझा कोण लागत नाही होय?