कशाला आणलंत?

काल कामाच्या मावशी गावाहून आल्या. आल्या आल्या पिशवीतून अळूची जुडी काढून ओट्यावर ठेवली. पानं अजून ओली होती, देठांना परसातली माती होती. मी सवयीनं म्हटलं, “अहो मावशी, कशाला आणलंत एवढं?” त्या नुसतं “असू द्या” म्हणाल्या आणि भांड्यांकडे वळल्या. खरं तर अळू मला फार आवडतं. फदफदं केलं की मी दोन घास जास्तच जेवते. मग तसं म्हणायला काय झालं होतं? पण हे वाक्य आपल्या तोंडात बसलेलं असतं. त्यात माया असते, संकोच असतो. आणि थोडंसं, अगदी चिमूटभर, ‘तुम्हाला कुठं परवडतंय’ हेही असतं. मावशींना ती चिमूट कळत असणार. काल भांडी जरा जास्तच वाजली, असं मला वाटलं. मनाचे खेळही असतील.

संध्याकाळी पानांच्या शिरा सोलताना डॅन वेस्ट आठवला. हा अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला शेतकरी, ‘चर्च ऑफ द ब्रेदरन’ या लहानशा ख्रिस्ती पंथातला. लढाईत शस्त्र धरायचं नाही, हा या पंथाचा जुना बाणा. (आपल्या डहाणूलाही या पंथाच्या मिशनचं हॉस्पिटल होतं.) स्पेनमध्ये यादवी पेटली, तेव्हा 1937 च्या सुमारास वेस्ट तिकडे मदतीला गेला. काम काय, तर पावडरचं दूध कालवून उपाशी मुलांना पेला पेला वाटायचं. दूध थोडं, मुलं पुष्कळ. कुणाला द्यायचं आणि कुणाला परत पाठवायचं, हे वाढणाऱ्यानंच ठरवायचं. घरी चार पाहुणे अचानक आले आणि आमटी पुरेना, तर आपला जीव वरखाली होतो. इथं तर समोर भुकेली पोरं. त्यातून त्याच्या मनानं घेतलं, की यांना पेला देऊन भागायचं नाही, यांच्या दारात गाय हवी.

घरी परतल्यावर त्यानं आपल्या पंथातल्या शेतकऱ्यांपुढे हे मांडलं. ती साधी गोठ्यातली माणसं होती, त्यांना ते लगेच पटलं. दुभती गाय नको, कालवड द्यायची, तीही गाभण. म्हणजे ती नव्या घरी जाऊन विणार आणि दूध तिथंच सुरू होणार. सुरुवातीच्या तीन कालवडींची नावं होती फेथ, होप आणि चॅरिटी. मराठी बायबलच्या भाषेत विश्वास, आशा आणि प्रीती. 1942 मध्ये पंथानं हे काम आपलं मानलं. 1944 मध्ये 17 कालवडींची पहिली खेप बोटीनं प्वेर्तो रिकोला निघाली. महायुद्ध संपलं तेव्हा युरोपातले गोठे ओस पडले होते. मग बोटी भरभरून जनावरं तिकडे जाऊ लागली. काही या पंथाची, बरीचशी संयुक्त राष्ट्रांच्या मदत यंत्रणेची. वाटेत त्यांना चारापाणी करायला सुमारे 7,000 माणसं गेली. कुणी शेतकरी, कुणी नुकतीच शाळा संपवलेली पोरं. लोक त्यांना गमतीनं ‘दर्यावरचे गुराखी’ म्हणत. डुलत्या बोटीत गाय सांभाळायची म्हणजे गंमत नव्हेच म्हणा! पुढे शेळ्या गेल्या, कोंबड्या गेल्या, मधमाश्याही गेल्या. आज हे काम ‘हेफर इंटरनॅशनल’ या नावाच्या संस्थेतून चालतं. हेफर म्हणजे कालवडच.

पण मला धरून ठेवते ती त्यांची एक अट. ज्या घराला कालवड मिळाली, त्या घरानं तिची पहिली कालवड गावातल्या दुसऱ्या गरजू घराला द्यायची. देणाऱ्याला परत करायची नाही, पुढे द्यायची. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत. छान रीत आहे, पण त्यात डबा फिरून त्याच दोन घरांत राहतो. वेस्टच्या अटीत तो तिसऱ्या दारात जातो. शिवाय आणखी एक गोष्ट होते. काल ज्यानं हात पसरला होता, तो आज दावं हातात घेऊन कुणाच्या तरी अंगणात उभा राहतो. त्या सकाळी तो कसा चालत गेला असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. कालवडीला आदल्या दिवशी धुतली असेल. पोरांनी गळ्यात काहीतरी बांधलं असेल. घरची बाई दारापर्यंत आली असेल, थोडी रडलीही असेल, कारण वासराचा लळा लागतोच. अशा वेळी समोरच्यानं “कशाला आणलीत?” म्हटलं असतं तर? देण्याबद्दल आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. घेताना मात्र आपण अवघडतो. त्यातही आपल्याहून कमी असलेल्याकडून घेताना फारच. आपल्याला वाटतं आपण त्याचं ओझं वाचवतोय. प्रत्यक्षात त्याच्या हातातलं दावं आपण काढून घेत असतो. आज सकाळी मावशी आल्या, तेव्हा मी वाटीत फदफदं काढून त्यांच्यापुढे ठेवलं. “तुमचं अळू. काल सगळ्यांनी बोटं चाटली,” म्हटलं. त्यांनी चमच्यानं थोडं घेतलं, जिभेवर घोळवलं आणि माझ्याकडे पाहिलं. “चुका घातला नाहीत?” “मिळाला नाही हो मावशी.” “आमच्या परसात रग्गड आहे. पुढच्या खेपेला आणते.”

“आणा,” मी म्हटलं.