पंखा डायरेक्ट करू का?

छताच्या पंख्याकडे माणूस निदान मान वर करून बघतो. टेबलफॅनला तर काही घरांत ज्येष्ठ नातेवाइकाचा मान असतो. पण मोटारीच्या तोंडाशी, रेडिएटरला चिकटून जो पंखा बसलेला असतो, त्याची ओळख व्हायला मे महिन्यातली खंबाटकी लागते. तिथं बॉनेटमधून वाफ निघते, मुलं 'बाबा, धूर!' म्हणून आनंदानं ओरडतात आणि रस्त्याकडेला जमलेल्या चार जणांपैकी एकजण म्हणतो, "फॅन बंद असणार." हा एकजण प्रत्येक घाटात कुठून येतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

पूर्वीच्या गाड्यांना हा घोर नव्हता. अ‍ॅम्बॅसिडर घ्या किंवा प्रीमिअर पद्मिनी घ्या, पंखा इंजिनालाच पट्ट्यानं बांधलेला. इंजिन फिरलं की पंखा फिरला. एकत्र कुटुंबातल्या धाकट्या सुनेसारखं, घर उठलं की उठायचं आणि घर निजलं की निजायचं. डिसेंबरातल्या पहाटे महाबळेश्वरला निघालात, तरी हा आपला वारा घालतोय. नको म्हणायची सोय नाही. मग १९८३ साली मारुती ८०० आली. तिचं इंजिन आडवं. आडव्या इंजिनाच्या पट्ट्यानं समोरच्या रेडिएटरवरचा पंखा फिरवायचा म्हणजे काटकोनात वळायचं आलं, आणि पट्ट्याला ते सरळपणे जमत नाही. म्हणून तिच्या पंख्याला विजेची स्वतंत्र मोटर. थोडक्यात, पंखा विभक्त झाला.

आणि विभक्त झाला म्हणजे त्याला मत आलं. पाणी साधारण पंचाण्णव अंशांच्या आसपास पोचलं की फिरायचं, चार-सहा अंश उतरलं की थांबायचं. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी हसू नये, पण माझ्या मते सारी नीतिमीमांसा इथून सुरू होते. पट्ट्याच्या पंख्याला कर्तव्य होतं, विवेक नव्हता. पट्टा तुटला की दोष पट्ट्याचा, विषय संपला. विजेचा पंखा फिरला नाही तर मात्र "का बाबा, फिरला नाहीस?" असं विचारावं लागतं. उत्तर द्यायला पाचजण उभे असतात: मोटर, फ्यूज, रिले, सेन्सर आणि अर्थची वायर. नव्या गाड्यांत संगणक हा सहावा. प्रत्येकाचं म्हणणं एकच, 'माझ्याकडे वरून ऑर्डर आली नाही.' ज्यांनी आयुष्यात एकदा तरी एखाद्या कचेरीत फाईल शोधली आहे, त्यांना पुढचं वर्णन करून सांगायला नको.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त गृहस्थ आहेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. शिकवलं त्यांनी कुणालाच नाही, उमेदीची सारी वर्षं वर्कशॉपात गेली. मास्तरांकडे गाडी नेली की ते बॉनेट उघडत नाहीत. आधी खुर्ची मागतात आणि मग प्रश्न विचारतात, जुन्या फॅमिली डॉक्टरांसारखे. "तापते कुठं? सिग्नलला का हायवेला?" हा पहिला प्रश्न. गाडी जोरात पळत असली की समोरचा वाराच पुरतो, पंख्याचं फारसं काम नसतं. तेव्हा फक्त गर्दीत आणि घाटात तापत असेल तर संशय पंख्यावर. हायवेलाही तापत असेल तर पंख्याला उगाच बदनाम करू नये. पाणी कमी असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल, रेडिएटर चोंदला असेल. दुसरा प्रश्न, "एसी लावल्यावर पंखा फिरतो का?" एकच पंखा असलेल्या बहुतेक गाड्यांत एसीबरोबर तो फिरायलाच हवा. फिरला, तर मोटर निर्दोष सुटली. आता सेन्सरला बोलवा.

मग फ्यूज. मग रिले. हॉर्नचा रिले त्याच जातीचा असेल तर तो काढून पंख्याच्या जागी लावून बघायचा. पंखा फिरला आणि हॉर्न मुका झाला की गुन्हेगार सापडला. (शहरात निदान सापडेपर्यंत शांतता असते, हा वेगळा फायदा.) तरीही नाही, तर मोटरचा कनेक्टर सोडवून बॅटरीवरून सरळ दोन वायरी द्यायच्या. वायरी उलट्या दिल्या तर पंखाही उलटा फिरतो आणि वारा भलतीकडे फेकतो. काम चालू दिसतं, उपयोग शून्य. ही अवस्थासुद्धा मी काही कचेऱ्यांत पाहिली आहे. काही मोटरी तर लाकडी दांड्यानं हलकेच ठोकल्यावर फिरतात; त्यांचे कार्बन ब्रश झिजलेले असतात. टोचल्याशिवाय काम न करणारा हा वर्ग फार दिवसांचा सोबती नसतो, असं मास्तर म्हणतात.

सेन्सरची गोष्ट तर ऐकण्यासारखी. पाणी कमी झालं की कधीकधी त्याच्याभोवती हवेचा फुगा राहतो. खाली पाणी खदखदतंय आणि हा कोरडा बसून कळवतोय की परिस्थिती नियंत्रणात आहे. तो खोटं बोलत नाही. त्याच्यापुरतं ते खरंच असतं. उलट पुष्कळ नव्या गाड्यांत सेन्सरची वायर काढून ठेवली, तर संगणक काहीच कळत नसताना वाईटात वाईट धरून पंखा चालू करतो. मला काही कळत नाही म्हणजे धोका असणार, असं समजून कामाला लागणारा अधिकारी मी तरी गाडीबाहेर पाहिलेला नाही.

पण खरा प्रश्न मास्तरांकडे येत नाही, तो नाक्यावर येतो. नाक्यावरचा मिस्त्री बॉनेट उघडतो, पाच मिनिटं डोकं आत घालतो आणि बाहेर काढून म्हणतो, "साहेब, डायरेक्ट करून देऊ?" डायरेक्ट म्हणजे सेन्सर, रिले सगळ्यांना रजा. बॅटरीवरून वायर, डॅशबोर्डखाली एक बटण, आणि बटण दाबलं की पंखा चालू. गाडी तापत नाही. तक्रार संपली. दोष मात्र जिथे होता तिथेच आहे. ब्रश झिजत राहतात, बटण दाबायचं विसरलं की घाटात वाफ, बंद करायचं विसरलं की सकाळी बॅटरी उतरलेली. आता याला दुरुस्ती म्हणायचं का? गिऱ्हाइकानं मागितलं होतं 'तापायची थांबवा', ते झालं. मिस्त्रीनं फसवलंही नाही, विचारून केलं. तरीही ज्या यंत्राला विवेक दिला होता त्याचा पुन्हा पट्ट्याचा पंखा केला आणि विवेक मालकाच्या अंगठ्यावर सोपवला, हे मला खटकतं. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार घालणाऱ्याबद्दल तर मला शंकाच नाही. फ्यूज मरतो तो बाकीच्यांनी जळू नये म्हणून. त्याच्या जागी न मरणारा बसवला की सगळं वायरिंग जळतं.

तरी मी मिस्त्रीला दोष देत नाही. आमच्या मेहुण्यांची गाडी मास्तरांनीच एका चांगल्या मेकॅनिककडे पाठवली. त्यानं दीड तास टेस्ट लॅम्प घेऊन एकेक वायर तपासली. शेवटी अर्थच्या वायरीच्या टोकाला गंज सापडला. पॉलिश पेपरनं घासला, बोल्ट आवळला, पंखा फिरला. बिल पाचशे रुपये. मेहुणे उखडले. "पाचशे? बदललं काय? नुसता एक बोल्ट आवळला!" तोच गृहस्थ त्याआधी दुसरीकडे चार हजारांची नवी मोटर हसतमुखानं बसवून आला होता, आणि तिनं काही फरक पडला नव्हता. जुनी मोटर पिशवीत घालून दिली होती ना! हातात काहीतरी आलं. ज्ञानाची पिशवी करता येत नाही, म्हणून त्याचे पैसे द्यायला जिवावर येतं. मग मेकॅनिकनं काय करावं? बोल्ट आवळल्याचं लपवावं आणि 'रिले बदलला' असं लिहावं? लिहिणारे लिहितातही. खरं सांगणाऱ्याला घासाघीस आणि खोटं सांगणाऱ्याला चहा, असा बाजार चालवल्यावर प्रामाणिकपणा महाग झाला अशी कुरकूर कुणाकडे करायची?

मेहुण्यांनी त्या मेकॅनिकला तीनशे दिले आणि पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात पंखा परत थांबला, तेव्हा नाक्यावर डायरेक्ट करून घेतला. बटण लाल रंगाचं.

मागच्या वर्षी ती गाडी विकायला काढली. घ्यायला आलेल्या तरुणानं विचारलं, "काका, हे बटण कसलं?" मेहुणे म्हणाले, "ज्यादा फिटिंग आहे. शोरूमच्या गाडीत येत नाही." अक्षर न् अक्षर खरं. पण तरुण हुशार निघाला, त्यानं कुणाकडून तरी मास्तरांचा पत्ता काढला आणि त्यांना घेऊन आला. मास्तरांनी खुर्ची मागितली, तीन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "पंखा डायरेक्ट आहे. बाकी गाडी चांगली आहे." मेहुण्यांचा चेहरा पंचाण्णव अंशांवर गेला. "मास्तर, शेजारधर्म काही आहे का नाही?" मास्तर म्हणाले, "अहो, त्यांनी पंख्याचं विचारलं, मी पंख्याचं सांगितलं. शेजाऱ्याचं कुणी विचारलंच नाही."

सौदा झाला, पाच हजार कमी करून. जाताना त्या पोरानं पाकीट काढलं आणि मास्तरांना विचारलं, "तुमचे बघायचे किती झाले?"

मास्तर घोटाळले. इतक्या वर्षांत हा दर त्यांनी ठरवलेलाच नव्हता.