‘आपली’ म्हणण्याचा अधिकार



फेब्रुवारी २०१६ मध्ये आसामातील गुवाहाटी येथे दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या होत्या. महिलांच्या ६३ किलो वजनी गटात बांगलादेशच्या माबिया अख्तर सीमांत हिने एकूण १४९ किलो वजन उचलून सुवर्णपदक पटकावले. त्या स्पर्धेतील तिच्या देशाचे ते पहिलेच सुवर्ण. पदक गळ्यात पडले, ध्वज वर चढू लागला, रवींद्रनाथांनी लिहिलेल्या राष्ट्रगीताचे सूर घुमले आणि सलामीसाठी कपाळाशी हात नेलेली ती सोळा वर्षांची मुलगी ढसढसा रडू लागली. ते दृश्य पाहून बांगलादेशात कितीतरी डोळे पाणावले. ‘ही आपली माबिया’ असे सारे अभिमानाने म्हणू लागले.

या ‘आपली’ शब्दाविषयीच आज थोडा विचार करू या. ती नेमकी कुणाची? आणि दुसऱ्याच्या यशाला आपले म्हणण्याचा अधिकार माणसाला कशाने मिळतो?

माबिया मूळची मदारीपूरची, पण वाढली ढाक्याच्या खिलगाव भागात. वडिलांचे छोटे किराणा दुकान, राहायला पत्र्याचे घर. बॉक्सिंगचे प्रशिक्षक असलेल्या मामांनी तिला या खेळाची वाट दाखवली. क्रिकेटवेड्या देशात भारोत्तोलनाकडे, त्यातून मुलींच्या भारोत्तोलनाकडे, कितीजण ढुंकून पाहणार? जगभरातच हा खेळ स्त्रियांचा नाही असे दीर्घकाळ मानले गेले. ऑलिंपिकमध्ये त्यांना प्रथम स्थान मिळाले ते सन २००० मध्ये, सिडनी येथे.

कुणी म्हणेल, यश सर्वस्वी तिचे एकटीचे. या खेळाचे नियम पाहिले, तर हे म्हणणे पटण्यासारखे आहे. चार मीटर लांब व चार मीटर रुंद असा चौथरा, त्यावर खेळाडू एकटी. ‘स्नॅच’ प्रकारात वजन जमिनीवरून एका दमात डोक्यावर न्यायचे. ‘क्लीन अँड जर्क’मध्ये आधी खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर. प्रत्येक प्रकारात तीनच संधी. दोन्हींतील सर्वोत्तम वजनांची बेरीज म्हणजे निकाल. वजन वर गेले तरी पंचांचा इशारा मिळेपर्यंत हात ताठ आणि पाय स्थिर राहिले पाहिजेत. त्या क्षणी आई-वडील, गुरू, देश, कुणीही बोटभर आधार देऊ शकत नाही.

पण हे अर्धेच सत्य आहे. त्या चौथऱ्यापर्यंत कोणीही एकट्याने पोहोचत नाही. कुणीतरी पहिल्यांदा लोखंडी दांडा हाती दिलेला असतो, कुणीतरी ताटात एक पोळी जास्त वाढलेली असते, कुणीतरी ‘मुलीला हे कशाला?’ असे विचारणाऱ्यांना परस्पर उत्तर दिलेले असते. ओझे एकटीच उचलते. उचलण्याचे बळ मात्र अनेकांनी मिळून दिलेले असते.

मग ‘आपली’ म्हणण्यात चुकले कुठे? आपल्या भाषेत या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक मालकीचा, दुसरा आपुलकीचा. जमीनदार ‘माझी जमीन’ म्हणतो तेव्हा जमीन त्याच्यासाठी असते. आई ‘माझे लेकरू’ म्हणते तेव्हा ती लेकरासाठी असते. व्याकरण दोन्हीकडे सारखेच, नीती मात्र अगदी उलट. पहिल्यात हक्क सांगितला जातो, दुसऱ्यात जबाबदारी पत्करली जाते. उगवत्या सूर्याला नमस्कार करणारा समाज बहुधा पहिल्या अर्थाने बोलतो आणि आपण दुसऱ्या अर्थाने बोललो, असे समजून समाधान पावतो.

त्यानंतरचे पाहा. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत माबिया उतरली, पण पदक मिळाले नाही. डिसेंबर २०१९ मध्ये नेपाळातील पोखरा येथे दक्षिण आशियाई स्पर्धेत ७६ किलो गटात तिने पुन्हा सुवर्ण जिंकले. तिचे एकूण वजन १८५ किलो, श्रीलंकेच्या प्रतिस्पर्धी खेळाडूचे १८४. फरक अवघ्या एका किलोचा! आता प्रामाणिकपणे विचारू या : तो एक किलो कमी पडला असता, तर ती तितकीच ‘आपली’ राहिली असती का? त्यामागचे कष्ट तर तेच असते. जे प्रेम एका किलोने वाढते आणि एका किलोने आटते, ते प्रेम नव्हे. तो तराजूवरचा भाव आहे.

यावर कुणी म्हणेल, ‘जिंकल्यावर समाज गौरव करतोच ना?’ करतो, आणि करावाही. परंतु गौरव पूर्ण झालेल्या कामाचा असतो. आधार हा अपूर्ण कामावर ठेवलेला विश्वास असतो. गौरवाला जोखीम नाही, आधाराला आहे. म्हणून गौरव करणारे पुष्कळ आणि आधार देणारे मोजके.

गुवाहाटीच्या त्या अश्रूंचा अर्थ आम्हाला इथे लागतो. देशाने आपल्याला किती दिले, याचा हिशेब मांडून कोणी तसे रडत नाही. देशाने तिला आपली म्हणण्यापूर्वीच तिने देशाला आपला मानले होते. मात्र तिने हिशेब मागितला नाही, म्हणून देशाचे देणे फिटत नाही. उलट ते वाढते. जो मागत नाही त्याचे ऋण सर्वांत जड असते.

२०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मुष्टियोद्धा सुरकृष्ण चकमा याच्यासमवेत माबिया देशाची ध्वजवाहक होती. त्या स्पर्धेत बांगलादेशाला एकही पदक मिळाले नाही. तरी ध्वज तिच्या हाती होता. पदकाविनाही माणूस आपला असू शकतो, हे यातून शिकता येईल.

ॲरिस्टॉटल सांगतो की सद्गुण सरावाने अंगी बाणतो. न्यायाची कृत्ये करता करता माणूस न्यायी होतो. भारोत्तोलक एका दिवसात घडत नाही, तसाच आधार देणारा समाजही घडत नाही. त्यालाही रोजचा सराव लागतो, तोही लहान वजनांचा. शेजारच्या मुलीच्या बुटांसाठी थोडे पैसे. संध्याकाळी सरावाहून परतताना तिच्यासोबत चालत येणे. हरून आलेल्या दिवशी ‘काय उपयोग झाला?’ असे न विचारता तिला जेवायला वाढणे. असे करणाऱ्याला पुढे ‘ही आपली’ असे मोठ्याने सांगावे लागत नाही. मुलगीच त्याला आपला मानू लागते, आणि अधिकार मिळतो तो तिच्याकडूनच.