आसन मागणाऱ्याच्या वाटेवर



२५ जुलै रोजी ख्रिस्तसभा प्रेषित संत याकोबाचा सण साजरा करते. त्या दिवशीच्या शुभवर्तमानात (मत्तय २०:२०-२८) याकोब व योहान यांची आई प्रभू येशूपाशी येऊन आपल्या मुलांसाठी उजव्या-डाव्या हाताची जागा मागते. प्रभू तिच्यावर रागावत नाही. माझ्या दुःखाचा प्याला तुम्हांला पिता येईल का, एवढेच तो मुलांना विचारतो. ते चटकन होकार देतात. पुढे हेरोद राजाने याकोबाला तलवारीने ठार केले (प्रे. कृत्ये १२:२). बारा जणांपैकी पहिला रक्तसाक्षी तोच.

आता गंमत पाहा. ज्याने बसायला आसन मागितले, त्याच्या भेटीला लोक शेकडो किलोमीटर पायी चालत जातात! स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात सांतियागो दे कोंपोस्तेला हे शहर आहे. तेथील कॅथेड्रलमध्ये संत याकोबाची कबर आहे अशी परंपरा आहे. नवव्या शतकापासून यात्रिक तिकडे जात आले आहेत. फ्रान्समधील सेंट-जाँ-पिए-द-पोर येथून निघणारी सर्वांत प्रसिद्ध वाट सुमारे ७८० किलोमीटरची आहे. ती पार करायला महिना-सव्वा महिना लागतो. किमान १०० किलोमीटर पायी चालणाऱ्याला तेथे प्रमाणपत्र देतात. २०२४ साली अशी जवळजवळ पाच लाख प्रमाणपत्रे दिली गेली. २५ जुलै रविवारी आली की ते वर्ष तेथे पवित्र वर्ष म्हणून पाळतात. २०२७ हे तसे वर्ष आहे.

या यात्रिकांचा दिवस कसा असतो? पहाटे अंधारातच उठायचे. शेजारच्याची झोप मोडू नये म्हणून हळूच सामान आवरायचे. वीस-पंचवीस किलोमीटर चालून दुपारी पुढचे गाव गाठायचे. यात्रिकनिवासात आपली यात्रा-पुस्तिका दाखवायची, तिच्यावर शिक्का घ्यायचा, बूट दाराशी काढायचे. मग अंघोळ, अंगावरचे कपडे हाताने धुऊन दोरीवर वाळत घालणे, पायाच्या फोडांना औषध लावणे. सायंकाळी गावातल्या चर्चमध्ये मिस्सा व यात्रिकांसाठी आशीर्वाद, साधे जेवण, आणि बहुतेक ठिकाणी दहाला दिवे बंद. बहुतेक निवासांत एकच रात्र राहता येते. सकाळी पलंग दुसऱ्यासाठी मोकळा करावाच लागतो.

म्हणजे तेथे कायमची जागा कोणालाच मिळत नाही. डॉक्टर असो वा मजूर, वरचा पलंग आला की वर चढायचे. खालचा माणूस रात्रभर घोरला तरी सकाळी त्याच्या टाचेला पट्टी बांधायची. आसनाची हाव सोडायला याहून चांगली शाळा कोणती?

या वाटेवर ओझ्याचाही धडा मिळतो. पाठीवरच्या पिशवीचे वजन आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावे, असे अनुभवी लोक सांगतात. साठ किलोच्या माणसाने सहा किलोच न्यावे. तरी पुष्कळ जण 'असू दे, लागेल' म्हणून जास्त भरतात आणि दोन-तीन दिवसांत वाटेतल्या पोस्टातून सामान पुढे पाठवून देतात. खांदे दुखले की कळते, गरज कशाला म्हणायचे आणि भीती कशाला. पुढे डोंगरमाथ्यावर एका उंच खांबावर लोखंडी क्रूस आहे. घरून आणलेला खडा यात्रिक तेथे ठेवतात आणि मनातले ओझेही प्रभूच्या चरणी सोडतात.

या वाटेवर जागोजागी पिवळे बाण रंगवलेले आहेत. ती कल्पना ओ सेब्रेइरो या डोंगराळ खेड्याचे धर्मगुरू फादर एलियास वालिन्या यांची. १९८४ साली, जेव्हा फार थोडे लोक ही वाट चालत, तेव्हा त्यांनी पिवळा रंग घेऊन हे बाण काढायला सुरुवात केली. १९८९ साली ते वारले. आजची गर्दी त्यांनी पाहिली नाही. बाणाचा गुण असा की तो स्वतःकडे बोट दाखवत नाही. आईबाप, शिक्षक, धर्मगुरू, आपण सर्वांनी असेच व्हायचे आहे.

बंधुभगिनींनो, स्पेनला जाणे आपल्यापैकी थोड्यांनाच जमेल. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने साऱ्या ख्रिस्तसभेलाच यात्रिक म्हटले आहे. फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल यांनी १९४५ साली आपल्या ग्रंथाला 'होमो व्हियातोर', म्हणजे 'वाटसरू मानव', असे नाव दिले. आपण वाटेवर आहोत हे ज्याला कळते, तोच आशा धरू शकतो. मी पोहोचलो असे मानणाऱ्याला आशेची गरजच उरत नाही, आणि क्षमेचीही नाही.

आता आपल्या धर्मग्रामाकडे पाहू. सणाच्या पत्रिकेत कोणाचे नाव आधी, मिरवणुकीत पुढे कोण, समितीत कोण, यावरून अबोला धरणारे आपल्यात नाहीत का? वाडीच्या हातभर बांधासाठी दोन सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. दर रविवारी दोघेही मिस्साला येतात, एक डाव्या बाकावर, एक उजव्या. दोघेही तोच प्रभू स्वीकारतात आणि वेगवेगळ्या दरवाजांनी बाहेर पडतात. आई मात्र म्हातारपणी दोन्ही घरांच्या मध्ये उभी. याकोबाच्या आईने मुलांसाठी दोन आसने मागितली होती. या आईला दोन्ही मुले एका बाकावर पाहायची आहेत. हे ओझे किती किलोचे, तेच सांगू शकतील.

बांधाचा निकाल कोर्ट देईल. पण भावाच्या दारात जायला कोणत्या कोर्टाचा हुकूम लागतो? सांतियागोची वाट ७८० किलोमीटरची आहे, ही कदाचित ७८ पावलांचीच असेल. तरी हीच अधिक कठीण, कारण इथे पिशवी नव्हे, मान खाली ठेवावी लागते. या आठवड्यात एक जण तरी ही वाट चालला, तर आपला संत याकोबाचा सण खऱ्या अर्थाने साजरा झाला म्हणायचा.

हे प्रभो, आम्हांला मानाच्या जागेपेक्षा तुझी वाट प्रिय वाटू दे. आमच्या पाठीवरचे नको ते ओझे उतरव. थकलेल्यासाठी थांबण्याचा धीर आम्हांला दे, आणि शेवटी आम्हां सर्वांना तुझ्या घरी एकत्र पोहोचव. आमेन.

आपला धर्मगुरू