वाऱ्याची मोट



आजचं चिंतन : भगवद्‌गीता, अध्याय ६, श्लोक ३४ आणि ३५.

अर्जुन म्हणतो, कृष्णा, मन फार चंचल आहे. त्याला आवरणं वाऱ्याला अडवण्याइतकं अवघड वाटतं. म्हणजे आपली वाऱ्याची मोटच!

मला एडीएचडी आहे आणि घरात शाळेत जाणारी दोन मुलं. त्यामुळे हा श्लोक आमच्याकडे रोज सकाळी साडेसहाला सुरू होतो. तव्यावर पोळी, हातात पाण्याची बाटली, तेवढ्यात शाळेच्या ग्रुपवर मेसेज, आणि बाटली अर्धीच राहते. लोकांना हा आळस वाटतो. पण एडीएचडी मेंदूच्या वाढीशी जोडलेली अवस्था आहे आणि ती मोठेपणीही राहू शकते. लक्ष टिकवणं, वेळेचा अंदाज, कामांचा क्रम, सगळं इथेच अडतं.

आता भगवंतांचं उत्तर बघा. ते अर्जुनाला रागावत नाहीत. आधी मान्य करतात की मन आवरायला कठीण आहे, यात शंकाच नाही. मग उपाय सांगतात : अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास कसा करायचा, ते २६ व्या श्लोकात येऊन गेलंय. मन जिथे जिथे भटकेल, तिथून त्याला परत आणायचं. म्हणजे ते भटकणार, हे देवाने धरूनच चाललंय!

माझ्या घरात अभ्यास म्हणजे फ्रिजवरची यादी : डबा, बाटली, डायरी, रुमाल. मोबाईलचा टायमर. किल्ली कायम एकाच खुंटीला. लक्ष उडालं की पुन्हा यादीकडे. आणि वैराग्य म्हणजे रील्समधल्या टापटीप आईचं चित्र मनातून उतरवणं. डॉक्टरांकडे जाणं, औषध घेणं यात श्रद्धा कमी पडत नाही. अर्जुनानेही आपली अडचण मोकळेपणी सांगितलीच ना?

एडीएचडी बरेचदा घराण्यात चालत येतो. उद्या माझ्या लेकराचं मनही असंच वाऱ्यासारखं निघालं, तर त्याने स्वतःशी कसं बोलावं? ते तो आज माझ्याकडे बघून शिकतोय. म्हणून मला हा श्लोक फक्त पाठ असून भागत नाही.

आजचा अभ्यास : मन भटकलं की स्वतःला शिव्या न देता प्रेमाने एवढंच म्हणा, ‘चल रे, परत.’ दिवसातून शंभरदा म्हणावं लागलं, तरी शंभरदा.

जय हरी!