गळतं, तरी आहे

(प्रबंधातल्या एका प्रकरणावरून मार्गदर्शक आणि विद्यार्थिनी यांच्यात झालेला वाद. माझा कल तिच्याकडे आहे. पण सरांचा आक्षेप हलका नाही.)

सर : क्षेत्राच्या त्या गोळ्याला, ऑसिलॉनला, स्थिर उकलींमध्ये बसवलंस? एकाहून जास्त मितींत निव्वळ अदिश क्षेत्राचा गोळा स्वस्थ बसूच शकत नाही, हे डेरिकने १९६४ मध्ये दाखवलंय.

ती : तो स्वस्थ बसतच नाही, सर, हेलकावत राहतो. हा आलेख बघा. आधी ऊर्जा झपकन उतरते, मग शेकडो हेलकावे रेघ जवळजवळ आडवी.

सर : आणि इथं कोसळते! क्षेत्रातल्या भोवऱ्याचं बघ. त्याच्याभोवती फेरी मारली की क्षेत्राची कला पूर्ण वळसा घेते. वळशांचा आकडा पूर्णांक, तो थोडाथोडा झिजत नाही. ऑसिलॉनला असला काय आधार?

ती : त्याची वारंवारता क्षेत्राच्या वस्तुमानाच्या उंबरठ्याखाली असते, म्हणून मूळ हेलकावा लाट होऊन निसटू शकत नाही. वरचे हार्मोनिक तेवढे गळतात, तेही अगदी क्षीण. मरणार हे कबूल. पण मोकळा न्यूट्रॉनही सरासरी पंधरा मिनिटांत फुटतो. त्याला आपण कण म्हणतोच ना?

सर : न्यूट्रॉन म्हातारा होत नाही. दहा मिनिटं जगलेला आणि आत्ता जन्मलेला, दोघांची पुढची शक्यता तीच. तुझा ऑसिलॉन मात्र गळत गळत उंबरठ्याकडे सरकतो. त्याला वस्तू कसं म्हणू? तो लांबलेला शेवट आहे.

ती : वय होतं म्हणून अस्तित्वच नाकारायचं? आणि भोवऱ्यांचं काय? दोन सारखे भोवरे समोरासमोर धडकले की काटकोनात बाहेर पडतात. त्यातला कुठला कोण, हे सांगताच येत नाही. उलट वळशाचा भेटला, तर बेरीज शून्य आणि दोघेही संपले. २००७ मध्ये ग्लायझर आणि थोरारिन्सन यांनी द्विमितीय सिम्युलेशनमध्ये हेच केलं. काही मापदंडांना त्या जागी उरला तो ऑसिलॉन.

सर : उरला, पण किती काळ टिकला म्हणजे आत घेशील? शंभर हेलकावे? नव्वद?

ती : तशी रेघ मला आखता येणार नाही. प्रत्येकाचं आयुर्मान हेलकाव्यांत मोजून लिहीन. स्थिर उकलींमधून काढते, पण परिशिष्टात टाकणार नाही. स्वतंत्र प्रकरण करते.

सर : कर. आलेखाचं ते कोसळणारं टोक मात्र छापायचं.

ती : पूर्ण छापणार, सर.