मालकाची सही

करामातल्या आमच्या इमारतीत अधूनमधून लिफ्टशेजारी कागद लागतो: अमुक तारखेला पेस्ट कंट्रोल, ओट्याखालची कपाटं रिकामी ठेवा. त्या दिवशी आम्ही स्वयंपाकघर आवरतो आणि लेकीच्या खोलीतले पिंजरे उचलून मैत्रिणीकडे नेऊन ठेवतो. कारण पिंजऱ्यांत उंदीर आहेत. उंदीर मारायला येणाऱ्या माणसाला दार उघडायचं आणि उंदरांना डॉक्टरकडे न्यायला अर्धी रजा टाकायची, ही विसंगती आमच्या घरात आहे. ती झाकून पुढचं लिहिता येणार नाही.

दोन्ही माद्या आहेत असं सांगून दुकानदाराने ही जोडी दिली होती. पहिल्याच आठवड्यात कळलं की एक नर आहे. उंदीर पाच-सहा आठवड्यांचे झाले की वयात येतात. गर्भ तीन आठवड्यांचा, एका वेळी आठ-दहा पिल्लं सहज, आणि व्याल्यावर दिवसभरातच मादी पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून त्याच संध्याकाळी दुसरा पिंजरा आणला. पण उंदीर कळपाने राहणारा प्राणी. दोघं आपापल्या पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावून एकमेकांकडे बघत बसायचे. आयुष्य सगळं मिळून दोन-तीन वर्षांचं. ते असं काढायचं?

उपाय एकच दिसत होता. फोनवर आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, गणपतीचं वाहन ते. त्याला खच्ची करणार?" तिच्या स्वतःच्या माळ्यावर उंदरांचा सापळा कायम लावलेला असतो, पण तिचा शब्द माझ्या मनातून जाईना.

या एका गोष्टीला मराठीत तीन शब्द आहेत आणि तिन्हींच्या मागे वेगळा इतिहास आहे. खोंड खच्ची करायचे, कारण शेताला निमूट ओढणारा बैल हवा. फायदा शेतकऱ्याचा, इजा खोंडाची. आजही कोणाची उमेद मारली की आपण त्याला 'खच्चीकरण' म्हणतो, म्हणजे त्यातला अन्याय भाषेला तेव्हाच कळला होता. दुसरा शब्द नसबंदी. तो उच्चारला की आणीबाणी आठवते. 1976 साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आलं नाही. तिथे फायदा सरकारच्या आकड्यांचा होता. तिसरा शब्द निर्बीजीकरण, भटक्या कुत्र्यांच्या बातम्यांतला. केंद्र सरकारचे त्याबाबतचे पहिले नियम 2001 सालचे. त्याआधी पालिका कुत्री सरळ मारत. इथे कुत्र्याकडून काही घेतलं जातं, पण बदल्यात त्याला जगू दिलं जातं.

आणि याच विषयावर 1921 साली मुंबईत र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी नोकरी गमावली. संतती रोखणं हेच कर्व्यांचंही काम होतं आणि आणीबाणीतल्या अधिकाऱ्यांचंही. फरक इतकाच, की कर्व्यांकडे येणारा माणूस स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या निर्णयाने येत होता.

उंदराचा निर्णय आपल्याला कळायचा मार्ग नाही. मग उरतो दुसरा प्रश्न: ज्याच्या अंगावर सुरी चालणार, फायदा त्यालाच मिळणार की दुसऱ्याला? संमती विचारता येत नाही, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर अधिक काटेकोरपणे द्यावं लागतं.

इथे आमची खरी अडचण सुरू झाली. नराची शस्त्रक्रिया लहान असते. मादीचं पोट उघडावं लागतं, आणि तीनशे ग्रॅमच्या जिवाला भूल हीच मोठी जोखीम. पण माद्यांना स्तनांच्या गाठी फार होतात, आणि अंडाशय लहान वयात काढले तर ती शक्यता बरीच कमी होते. म्हणजे नराच्या शस्त्रक्रियेने आमचा प्रश्न स्वस्तात सुटत होता, तर मादीच्या शस्त्रक्रियेत तिचं स्वतःचं हित होतं, पण ती टेबलावरच जाण्याचा धोकाही तिचाच होता.

"निसर्गात ढवळाढवळ कशाला?" असं एका स्नेह्यांनी सुचवलं. पण तो मुद्दा पिंजरा विकत घेतला त्याच दिवशी संपला. हे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातचे, यांना परत सोडायला रान नाही. काहीच न करणं हाही निर्णयच होता: दोघांना आयुष्यभर एकटं ठेवण्याचा.

शेवटी नराची शस्त्रक्रिया केली. कारण असं की सोबत ही गरज रोजची आणि दोघांची होती, आणि ती कमीत कमी जोखमीत भागत होती. मादीची गाठ ही भविष्यातली शक्यता. तिच्यासाठी आजचा जीव पणाला लावायला आमचं मन झालं नाही. हा हिशेब कोणी वेगळा मांडला तर त्याला मी चूक म्हणणार नाही. पुढे तिला गाठ झालीच, तर आज वाचवलेली जोखीम तिने भरली असं म्हणावं लागेल, आणि ते मला ऐकून घ्यावं लागेल. आमची सोय आणि त्यांचं हित एकाच बाजूला पडलं, म्हणून मी स्वतःकडे संशयाने पाहते. पण केवळ सोयीचं आहे म्हणून एखादी गोष्ट वाईट ठरत नाही.

दवाखान्यातल्या फॉर्मवर मालकाच्या सहीची जागा होती. लेकीने विचारलं, "आई, आपण त्याचे मालक आहोत?" मी सही केली आणि तिला म्हटलं, विकत घेतलं तेव्हा झालो. यापुढे कोणताही प्राणी घरात आणण्याआधी हा प्रश्न विचारायचा, एवढं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

काही आठवडे वेगळं ठेवल्यावर आता दोघं एकाच पिंजऱ्यात एकमेकांवर अंग टाकून झोपतात. रोज रात्री मी तिच्या पोटावरून, काखेतून बोट फिरवते. अजून गाठ लागलेली नाही.